पाण्यात गेलेली सेकंड हँड गाडी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणपती ते दिवाळी हा सेकंड हँड गाड्यांचा सीझन, आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी कुठे ना कुठे पूर येऊन गेलेला असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. आमच्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतोय.

पाण्यात गेलेली म्हणजे नक्की कोणती गाडी? पावसात तर सगळ्याच गाड्या भिजतात.

पावसात भिजणं वेगळं, गाडी बाहेरून भिजायलाच बनवलेली असते. प्रश्न येतो पाणी केबिनमध्ये शिरलं की. वर्कशॉपवाले आणि इन्शुरन्सचे सर्व्हेयर साधारण तीन लेव्हल धरतात, कारपेटपर्यंत, सीटपर्यंत आणि डॅशबोर्डपर्यंत. कारपेटपर्यंत आलेलं गोडं पाणी लगेच काढलं, कारपेट उचलून खालचा फोम वाळवला, तर गाडी वाचते. सीटच्या वर गेलं की वायरिंग आणि मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कंट्रोल कॉम्प्युटर, धोक्यात. डॅशबोर्ड बुडाला की गाडी संपली, मग तिला कितीही चकाचक करून आणू देत.

म्हणून विकणाऱ्याला "पाण्यात गेली होती का" असं विचारूच नका, कारण त्याला "नाही हो" हे एकच उत्तर पाठ असतं. "पाणी कुठपर्यंत आलं होतं" असं सहज बोलता बोलता विचारा, आणि चेहरा बघा.

या गाड्या येतात कुठून?

जिथे पूर येतो तिथून, पण विकल्या जातात दुसरीकडेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा रस्त्यात आणि बेसमेंटमध्ये बुडालेल्या गाड्यांचं काय झालं असेल विचार करा. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली, त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा, जुलै २०२१ ला चिपळूण, सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागपूर, जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्या. चेन्नई तर २०१५ ला पण बुडाली आणि डिसेंबर २०२३ ला मिचाँग वादळात पण. चिपळूणची गाडी चिपळूणमध्ये कोण घेणार, तिथे सगळ्यांना माहिती असतं कोणत्या गल्लीत किती पाणी होतं, म्हणून ती घाट चढून नगर, जालना, लातूर अशा ठिकाणी जाते जिथे लोकांच्या डोक्यात पुराचा विषयच नसतो.

इन्शुरन्सने टोटल लॉस केलेली गाडी परत रस्त्यावर येते कशी?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज, म्हणजे भंगार, म्हणून लिलावात जाते. घेणारा तिचे पार्ट काढून विकू शकतो, किंवा धुऊनपुसून परत उभी करू शकतो, आणि दुसऱ्यात पैसा जास्त आहे.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा गाडीच्या कागदावरच तसा शिक्का बसतो. आपल्या आरसीवर असला काही रकाना नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, पण किती लोक करतात? पैसे मिळाले, विषय संपला. आरसी जिवंतच राहते. याचा आणखी एक वाईट उपयोग होतो, टोटल लॉस गाडीची आरसी आणि चॅसी नंबर घेऊन तसल्याच मॉडेलची चोरीची गाडी त्या कागदांवर चालवायची. त्यामुळे चॅसी नंबर आरसीशी जुळवताना फक्त आकडे बघू नका, आजूबाजूला वेल्डिंग, घासल्याच्या खुणा, नवीन रंग आहे का तेही बघा.

पण इंजिन एकदम मक्खन चालतंय, मेकॅनिकने पण ओके सांगितलं. मग अडचण काय?

सगळे इथेच फसतात. बॉनेट उघडून, कान लावून, रेस देऊन इंजिन ऐकणं ही आपली जुनी सवय, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. त्या गाडीत इंजिन म्हणजेच गाडी होती.

इंजिनात पाणी गेलं आणि कोणी स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो, यालाच हायड्रोलॉक म्हणतात. नुकसान मोठं, पण ते दिसतं, ऐकू येतं, आणि इंजिन खोलून नीट करता येतं, वेळ पडली तर अख्खं बदलता येतं. वायरिंगचं तसं नाही. आजच्या गाडीत कारपेटखालून वायरिंगचे जुडगे जातात, मधल्या कन्सोलखाली साधारण जमिनीलगतच एअरबॅगचं मॉड्यूल असतं, सीटखाली कनेक्टर असतात. वायरच्या आत तांब्याच्या बारीक तारा असतात, त्यांच्या फटींतून पाणी वर चढतं, म्हणजे पाणी टाचेपर्यंत आलं तरी गंज गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो आणि तोही प्लास्टिकच्या आत, डोळ्यांना न दिसणारा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढायला लागतो. चार-सहा महिने काही होत नाही. मग एक दिवस काच खाली जाते ती वर येत नाही, सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडतं, चालू गाडीत मीटरचे सगळे दिवे लागून गाडी बंद पडते आणि पाच मिनिटांनी काहीच झालं नाही अशी चालू होते. वर्कशॉपमध्ये नेली की फॉल्ट येत नाही. हे प्रकरण वर्षभर चालतं आणि दर खेपेला बिल.

तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, त्याने इंजिन तपासलं आणि इंजिन खरंच चांगलं आहे.

विकणारा म्हणतो गाडी पार्किंगमध्ये बंद उभी होती, चालू नव्हती, त्यामुळे काही झालं नाही.

अर्धं खरं आहे. बंद गाडीला कोणी स्टार्टर मारला नसेल तर हायड्रोलॉक होत नाही, इंजिन वाचतं. पण उभी गाडी पाण्यात राहते किती वेळ? रस्त्यावर पाण्यातून काढलेली गाडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात असते, बेसमेंटमधली दोन-दोन दिवस, पंप लागेपर्यंत. वायरिंगसाठी हे जास्त वाईट. आणि मुंबईत भरतीच्या वेळी खाडीचं पाणी मिसळलेलं असेल तर मीठ आलं, मग गंजाला आमंत्रणच. एकंदर "बंद उभी होती" हे मला तरी दिलासा देणारं वाक्य वाटत नाही, उलट गाडी बुडाली होती याची कबुलीच मिळाली.

मी स्वतः काय काय बघू शकतो? मला गाडीतलं फार कळत नाही.

फार कळायची गरज नाही, वाकायची तयारी पाहिजे. दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी धुऊ नका आणि चालू करून ठेवू नका.

सीटबेल्टपासून सुरू करा. बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात तो अर्धाच बाहेर येतो, आतला भाग गुंडाळलेलाच असतो आणि धुणारे नेमका तोच विसरतात. तिथे मातकट पट्टा किंवा रेघ दिसली की पाणी कुठपर्यंत होतं ते मोजूनच मिळालं. पण बेल्ट चारही कोरे करकरीत असतील आणि गाडी सात वर्षं जुनी असेल तर तेही विचारायला हवं, बेल्ट बदलायची वेळ का आली म्हणून.

मग सीट पुढे-मागे सरकवून खाली टॉर्च मारा. सीटचे रेल, बोल्ट, स्प्रिंग. केबिनच्या आत लोखंड सहसा असं गंजत नाही. बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट काढली होती, आणि सीट काढायचं कारण कारपेट हेच असतं बहुतेक वेळा.

डिकी उघडा, स्टेपनी बाहेर काढा. त्या खड्ड्यात गाळ, बारीक रेती, जॅक-पान्याला गंज. पुराचा गाळ फार बारीक असतो, पिठासारखा, आणि तो अशा कोपऱ्यांत बसतो जिथे पाइपचं पाणी पोचत नाही. तसाच गाळ डॅशबोर्डच्या खाली पेडलच्या वरच्या बाजूला, फ्यूज बॉक्सच्या झाकणात, ग्लव्ह बॉक्स काढला की मागे, केबिन फिल्टरच्या खणात, दाराच्या रबराखाली सापडतो. दाराचं बीडिंग हाताने थोडं सोडवून बघा, विकणारा ओरडला तर ओरडू द्या.

हेडलाइट-टेललाइटच्या आत पाण्याची रेघ किंवा धुकं, एकच लाइट नवीन आणि दुसरी पिवळट, हे एकटं असलं तर काही सिद्ध होत नाही, अपघातात पण लाइट बदलतात. पण बाकीच्या खुणांसोबत आलं तर धरायचं.

ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. फक्त, ऑइल कालच बदललं असेल तर ते मधासारखंच दिसणार. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र बदलायला बरेच जण विसरतात. गरम गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या बारीक भोकातून, पाणी आत ओढलं जातं, म्हणून ऑटोमॅटिक असेल तर ते ऑइल तपासून घ्याच.

शेवटी प्रत्येक बटण दाबा. चारही काचा, आरसे, सगळे स्पीकर मोठ्या आवाजात, हॉर्न, वायपर, मागचा डिफॉगर, चार्जिंगचा पॉइंट. दोनदा दाबा.

वास अजिबात येत नाही गाडीत, मग ठीक ना?

गाडीत परफ्यूमचा भपका असेल तर उलट सावध व्हा. सगळ्या काचा बंद करून एसी रिसर्क्युलेशनवर दहा मिनिटं चालवा, मग हीटर लावा. कारपेटखालच्या फोममध्ये ओल असेल तर गरम हवेने कुबट वास वर येतोच, ओल्या गोणपाटासारखा. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं हे पण लक्षात ठेवा, घरात दम्याचं कोणी असेल किंवा लहान मूल असेल तर ती बुरशी रोज नाकात जाणार आहे.

कारपेट ओलं लागलं म्हणजे पूरच का?

नाही. एसीचा ड्रेन पाइप चोंदला की पुढच्या डाव्या बाजूला पायाखाली पाणी येतं, हे अगदी कॉमन आहे. सनरूफचे ड्रेन तुंबतात, काचेचं रबर सुटतं. अशी ओल एका कोपऱ्यात असते आणि त्यात गाळ नसतो. उगाच चांगल्या माणसावर आळ घेऊ नका.

कोकणातली गाडी बघितली, खालून खूप गंज आहे. पुरातली असेल का?

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने अंडरबॉडी, सायलेन्सर, सस्पेन्शनचे पार्ट गंजतात, रत्नागिरी-मालवणच काय, वसई-अलिबागला पण तेच. पण खारी हवा सीटबेल्टला मातीची रेघ मारत नाही आणि डॅशच्या आतले स्क्रू सहसा खात नाही. गंज कुठे आहे ते बघा. खालीच असेल तर तो हवामानाचा, भाव कमी करून मागा. आत असेल तर निघा.

एअरबॅगच्या दिव्याबद्दल सगळे बोलतात, ते काय?

चावी ऑन केली की मीटरवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, म्हणजे सिस्टीमने स्वतःला तपासलं. लागून राहिला तर फॉल्ट. लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण कोणीतरी तो बंद केलाय. काही महाभाग तो दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडतात म्हणजे बरोबर लागतो आणि बरोबर विझतो. हे मला या सगळ्या धंद्यातलं सर्वात नीच काम वाटतं. काच वर-खाली न होणं हा वैताग आहे, पण एअरबॅग न उघडणं म्हणजे बायकापोरं पुढच्या सीटवर बसलेली असताना जिवाशी खेळ.

स्कॅनर लावून कळेल का?

बरंच कळतं. स्कॅनर म्हणजे गाडीला जोडून तिच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र. मीटरवर दिवा नसला तरी स्कॅनरमध्ये एअरबॅग मॉड्यूलशी संपर्क होत नाही, अमुक मॉड्यूल गायब आहे, असे कोड दिसतात, आणि दिव्याची वायर फिरवलेली असेल तरी मॉड्यूल उत्तर देतं की नाही ते इथे उघडं पडतं. विकणाऱ्याने आदल्या दिवशी सगळे कोड पुसलेले असतील तर तेही दिसतं, कारण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या अपूर्ण दाखवतात, त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथवालं यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचेच कोड वाचतं, एअरबॅग आणि बॉडीचे वाचत नाही. ज्याच्याकडे पूर्ण स्कॅनर आहे अशा माणसाला दीड-दोन हजार देऊन सोबत न्या. पाच लाखांच्या व्यवहारात हा खर्च वाचवणारे लोक बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

कागदांवरून काही कळतं का?

थेट कळत नाही, आडून कळतं. कंपनीच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला गाडीची सर्व्हिस हिस्ट्री असते, मालकाला सोबत घेऊन ती मागा. त्यात पुरानंतरच्या आठवड्यांत बॉडीशॉपची मोठी एंट्री, वायरिंग किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलला, सीट-कारपेट काढले, असं काही दिसतंय का बघा. नेमकं त्याच महिन्यापासून हिस्ट्री बंद पडली असेल तर तेही बोलकं आहे.

जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा. मालक वर्षानुवर्षं तोच, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ५० टक्क्यांवरून अचानक शून्य, तर क्लेम झालाय. कशाचा ते विचारा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि फिटनेस कधीपर्यंत ते बघा. पुरानंतर दोन-तीन महिन्यांत मालक बदलला आणि परत लगेच विक्रीला आली तर मला तरी संशय येईल.

एमएच०९, एमएच१०, एमएच०८ पासिंग टाळू का?

नको. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीच्या हजारो गाड्यांना कधी पाणी लागलेलं नाही, आणि पुण्याच्या एमएच१२ पासिंगच्या गाड्या सिंहगड रोडला बुडाल्याच होत्या. नंबरप्लेट बघून फक्त प्रश्न विचारायचे, निकाल द्यायचा नाही.

मोठ्या डीलरकडून "सर्टिफाइड" घेतली तर?

रस्त्यावरच्या एजंटपेक्षा बरं, निदान माणूस उद्या सापडतो. पण स्टिकरपेक्षा वॉरंटीचा कागद वाचा. बऱ्याच वॉरंट्या इंजिन-गिअरबॉक्सपुरत्या असतात, इलेक्ट्रिकल बाहेर आणि पाण्याने झालेलं नुकसान तर हमखास बाहेर. म्हणजे जे बिघडणार तेच कव्हर नाही. डीलरकडून बिलावर किंवा लेटरहेडवर "ही गाडी पुरात गेलेली नाही, टोटल लॉस नाही" एवढं लिहून मागा. लिहून देत नसेल तर उत्तर मिळालं.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक असेल तर?

सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते, तो दाखला आणि सिलिंडरवरची तारीख बघा, आणि डिकीत पाणी होतं असा संशय असेल तर सिलिंडरच्या पट्ट्यांखालचा गंज बघा. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीला आयपी६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग असतं म्हणून सगळे निर्धास्त, पण त्या रेटिंगचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्या पॅकची लॅबमधली चाचणी, दोन दिवस गढूळ पाण्यात नव्हे. बॅटरी हाच गाडीचा सर्वात महाग भाग आहे. कंपनीकडून बॅटरी आणि इन्सुलेशन तपासल्याचा रिपोर्ट मिळत नसेल तर संशयित इलेक्ट्रिक गाडीच्या वाटेला जाऊ नये.

घेतल्यावर इन्शुरन्स मिळेल ना?

मिळेल, पण आधीच झालेल्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही. आणि मालक बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर थर्ड पार्टी सोडून बाकी क्लेमला कंपनी नाक मुरडते. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला येत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

सगळं माहिती आहे, पण खूप स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

किती पाणी होतं ते मालक स्वतःहून सांगतोय, कारपेटच्या वर गेलं नव्हतं, ऑथोराइज्ड वर्कशॉपची बिलं आहेत, नंतर एक अख्खा पावसाळा आणि उन्हाळा गाडी रोज चाललीय, आणि गाडी साधी जुनी, इलेक्ट्रॉनिक्स कमी असलेली, तर घ्यायला हरकत नाही, भाव मात्र पाडून. यातली एक जरी गोष्ट नसेल तर नको. आणि पुढे विकताना तुम्हालाही हेच प्रश्न विचारले जाणार आहेत.

घेऊन झाली, आता कळलं. काय करू?

गाडी परत खोलायच्या आधी फोटो-व्हिडिओ काढा, ऑथोराइज्ड वर्कशॉपकडून लेखी रिपोर्ट घ्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. डीलर असेल तर लेखी नोटीस द्या, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. खासगी मालकाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग सहसा लागू होत नाही, तिथे फसवणुकीचा दावा किंवा पोलीस तक्रार. लोक अजून चारशेवीस म्हणतात पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न येतो, तुमच्याकडे लिहिलेलं काय आहे?

माझीच गाडी पाण्यात गेली होती, नीट केलीय, विकायचीय. सांगू का?

सांगा, आणि विक्रीच्या कागदावर लिहा. भाव कमी येईल हे खरं. पण लिहिलेलं असलं की उद्या कोणी दारात येऊन भांडू शकत नाही.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर गाडीचे फोटो पाठवले तर सांगाल का?

बाहेरून चकचकीत फोटो पाठवून काही कळत नाही, ते पाठवू नका. पूर्ण ओढलेला सीटबेल्ट, ड्रायव्हर सीटखालचे रेल, स्टेपनी काढलेला खड्डा, फ्यूज बॉक्सचं उघडं झाकण, पेडलच्या वरचा भाग, हे पाच पाठवा, आणि चावी ऑन करून इंजिन चालू करेपर्यंतचा मीटरचा व्हिडिओ. विकणारा हे काढू देत नसेल तर मला पाठवायची गरजच नाही.